वर्ज्याहारांत चीजची पारख

एखादें खाद्य सोसत नाहीं अशी शंका आल्यास डॉक्टर वर्ज्याहार सुचवितात. संशयित पदार्थ कांहीं आठवडे सोडावयाचे व पुढें एकेक करून पुन्हां खाऊन पाहावयाचे, ही त्याची रीत. एकत्र कुटुंबांत ही परीक्षा बहुधा मुलांसाठीं आणलेल्या चीजपाशीं फसते.

वेष्टनावरील हिरवी खूण पाहून आपण निःशंक होतों. पण ती केवळ शाकाहाराची ग्वाही देते. खरी माहिती घटकांच्या यादींत असते. २०० म्हणजे सॉर्बिक आम्ल, १६०-बी म्हणजे शेंद्रीच्या बियांचा रंग, ३३१ व ३३९ हे चीज एकजीव राखणारे क्षार. किसलेल्या चीजला गोळा होऊं नये म्हणून पुष्कळदां पिष्ट लावितात. कांहीं परदेशी चीजमध्यें अंड्यांतील लायसोझाइम असतें.

तथापि यादी घातलेलें सांगते, मुरतांना उपजलेलें सांगत नाहीं. जुन्या चीजमध्यें दुग्धशर्करा नाममात्र उरते, परंतु हिस्टामिन व टायरामिन वाढलेलीं असूं शकतात. दुधाचें प्रथिन तर दुधाच्या प्रत्येक चीजमध्यें असतेंच.

म्हणून आम्ही सुचवितों कीं, दुधाची पाळी आल्यावर आधीं घरीं लिंबू पिळून केलेलें ताजें पनीर द्यावें. तें सोसलें, पण विकतचें चीज बाधलें, तर संशय दुधावरून मिसळीवर किंवा मुरण्यावर जातो. वेष्टन टाकण्यापूर्वीं त्यावरील आंकडे टिपून डॉक्टरांस दाखवावे. मात्र पूर्वीं ज्याचे ओठ सुजले अथवा श्वास कोंडला, त्याच्यावर हा प्रयोग घरीं मुळींच करूं नये.