ओंडका, पाचर आणि घण
हत्यारांची ओळख : लेखांक नववा

झाड तोडणे आणि लाकूड फोडणे ही दोन्ही कामे एकाच कुऱ्हाडीने उरकण्याची पद्धत महाराष्ट्रात सर्रास आढळते, आणि मनगटाएवढ्या किंवा फार तर मांडीएवढ्या जाडीच्या लाकडापुरती ती योग्यही आहे. परंतु जुन्या बाभळीचा, आंब्याचा किंवा चिंचेचा बुंधा करवतीने आडवा कापून दीड-दीड हात व्यासाचे ओंडके पुढ्यात येतात, तेव्हा तीच कुऱ्हाड ओंडक्यात रुतून बसते आणि फोडण्यापेक्षा ती उपसण्यातच माणसाची अधिक शक्ती खर्च होते. याचे कारण असे की तोडताना लाकडाचे तंतू आडवे छेदायचे असतात, तर फोडताना ते एकमेकांपासून विलग करायचे असतात. पहिल्या कामाला पातळ आणि धारदार पाते लागते, तर दुसऱ्याला रेटणारी जाडी. मागील लेखांकात पहिल्या कामाचा विचार झाला. प्रस्तुत लेखांकात मोठ्या ओंडक्यांपुरता दुसऱ्याचा विचार करावयाचा आहे.

लाकडातील तंतू अतिशय बारीक आणि पोकळ असून ते खोडाच्या लांबीला समांतर असतात. त्यांच्या भिंती मुख्यतः सेल्युलोजच्या असतात आणि लिग्निन नावाचे द्रव्य त्यांना एकमेकांशी सांधून ठेवते. हे तंतू लांबीच्या दिशेने ताणून तोडण्यास फार मोठे बल लागते, पण शेजारशेजारच्या तंतूंना बाजूला सारण्यास त्याच्या मानाने पुष्कळच कमी लागते. शिवाय गाभ्यापासून सालीकडे, चाकाच्या आऱ्यांप्रमाणे, पेशींचे पट्टे गेलेले असतात. त्यांना मज्जाकिरण म्हणतात, आणि त्यांच्या पातळीत लाकूड सर्वांत सहज उकलते. वाळताना लाकूड वलयांच्या दिशेने जितके आक्रसते, त्याच्या साधारण निम्मेच ते किरणांच्या दिशेने आक्रसते. या विषमतेमुळे ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर गाभ्यातून बाहेर जाणाऱ्या भेगा आपोआप पडतात. हत्यार हातात घेण्यापूर्वी या भेगा पाहणे आवश्यक असते, कारण ओंडका कोठून फुटणार हे त्यांच्यावरून आधीच कळते.

पाते लाकडात शिरले की तडा धारेच्या पुढे धावतो, धार तड्यातील मोकळ्या जागेत राहते, आणि पुढचे सारे काम पात्याची दोन्ही अंगे करतात. म्हणून फोडण्याच्या हत्याराला वस्तऱ्यासारखी धार लावण्याने विशेष लाभ होत नाही. पहिल्या घावात पाते उसळून न जाता लाकडात शिरावे एवढी धार पुरेशी असते. तोडायच्या कुऱ्हाडीचे पाते सपाट असते, ते खोल जाते पण तडा रुंदावत नाही, आणि मिटू पाहणारे लाकूड त्याला दोन्ही बाजूंनी आवळते. फोडायच्या कुऱ्हाडीचे पाते धारेपासून माथ्याकडे झपाट्याने जाड होत जाते, आणि तिचा सर्वांत जड प्रकार तर एका अंगाने कुऱ्हाड व दुसऱ्या अंगाने घण असा असतो. युरोप-अमेरिकेत रूढ असलेले हे हत्यार आता भारतातही विकत मिळते. त्याच्या लोखंडाचे वजन साधारण अडीच ते साडेतीन किलो असते.

वजनाविषयीचा एक गैरसमज येथे दूर करणे इष्ट ठरेल. घावातील ऊर्जा वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वजन दुप्पट केल्यास ऊर्जा दुप्पट होते, तर वेग दुप्पट केल्यास ती चौपट होते. दोन किलोऐवजी चार किलोचे हत्यार घेतल्यामुळे वेग मूळच्या सात-दशांशावर आला, तर दुप्पट वजनाचा लाभ जवळजवळ संपूर्ण नाहीसा होतो, आणि दिवसाच्या उत्तरार्धात, खांदे भरून आल्यावर, वेग त्याहूनही खाली घसरतो. यास्तव जो माणूस जे हत्यार अखेरच्या तासातही पूर्ण वेगाने फिरवू शकतो तेच त्याच्यासाठी योग्य वजनाचे मानावे. जड लोखंड म्हणजे अधिक काम हा हिशेब मजुराच्या पाठीवर अन्याय करणारा आहे.

तथापि मोठ्या ओंडक्यापुढे उत्तम कुऱ्हाडीचीही मर्यादा उघड होते. 60 सेंटिमीटर व्यासाच्या आणि 40 सेंटिमीटर उंचीच्या ओंडक्याचे घनफळ सुमारे 113 लिटर भरते, आणि ओल्या बाभळीचा असा ओंडका शंभर किलोच्या आसपास जातो. तो उचलून ठोकळ्यावर ठेवण्याचा प्रश्नच येत नाही. अशा वेळी दोन मार्ग उरतात आणि हत्यार त्यांवरून ठरते. हातात कुऱ्हाडच असेल तर ओंडक्याच्या मध्यावर घाव घालू नये. कडेपासून चार-पाच बोटे आत, सालीला समांतर असे घाव घालून सभोवार फिरत ढलपे उतरवीत जावे आणि गाभा आटोक्यात आल्यावर मगच तो मधोमध फोडावा. कडेच्या ढलप्याला बाहेरून आधार नसल्यामुळे तो सहज सुटतो, तर मध्यावरच्या घावाला संपूर्ण ओंडक्याचा विरोध सहन करावा लागतो. दुसरा मार्ग पाचरी आणि घण यांचा असून त्यात ओंडका प्रथमच मधोमध दुभंगता येतो.

पाचर म्हणजे एका टोकाला निमुळती होत गेलेली पोलादी कांडी. ती वीतभर लांब आणि दोन-सव्वादोन किलोची असली म्हणजे पुरे. पाचर एकटी कधीच घेऊ नये. पहिली पाचर तोंडावरच्या सर्वांत मोठ्या भेगेत, कडेच्या अंगाला, हलक्या ठोक्यांनी उभी करावी, आणि ती स्वतःच्या पायावर उभी राहिल्यावरच हात काढून घेऊन पूर्ण घाव घालावा. घणाचा आवाज आरंभी बोदा येतो, पाचर रुतत गेल्यावर तो चढत जातो, आणि तंतू सुटू लागले की दोन घावांच्या मध्ये कुरकुर ऐकू येते. त्या वेळी घाई न करता क्षणभर थांबणे हितकर असते, कारण तडा घावानंतरही पुढे सरकत असतो. पाचर माथ्यापर्यंत जाऊनही ओंडका दुभंगला नाही, तर दुसरी पाचर त्याच रेषेत पुढे, तडा जेथे संपतो तेथे ठोकावी. तडा रुंदावताच पहिली आपोआप सैल होते. दगड फोडणारे वडार एका ओळीत छिन्न्या ठोकतात त्यामागील तत्त्व हेच आहे. डेन्मार्कमधील रोस्किल्डेच्या खाडीतून 1962 मध्ये वर काढलेल्या व्हायकिंग काळातील जहाजांच्या ओकच्या फळ्याही करवतीने कापलेल्या नसून, बुंधे पाचरींनी आधी दुभागून, मग चौभागून, किरणांच्या पातळीत फाडलेल्या आहेत. जळणासाठी एवढा काटेकोरपणा नको, पण निम्म्याचे निम्मे करीत जाण्याचा तो क्रम येथेही तसाच उपयोगी पडतो.

झाडाची जात मात्र सारे हिशेब बदलू शकते. चिंचेचे आणि शिरीषाचे तंतू सरळ न जाता एकमेकांत गुंतलेले असतात. खाटकाचा ठोकळा चिंचेचा का असतो याचे उत्तर त्यातच आहे. अशा लाकडात, तसेच फांदी फुटलेल्या गाठीच्या आणि दुबेळक्याच्या जागी, पाचर ठोकत बसण्यापेक्षा करवत चालवणे शहाणपणाचे ठरते. बाभूळ ओली असताना फोडावी. वाळल्यावर ती फार चिवट होते, आणि फोडलेले लाकूड अखंड ओंडक्यापेक्षा लवकर वाळत असल्याने पावसाळ्याच्या बेगमीसाठीही तेच सोयीचे पडते.

घण चार किलोच्या आतबाहेर असावा, आणि त्याने कुऱ्हाडीच्या माथ्यावर कधीही घाव घालू नये. पाचर कमी पडली की कुऱ्हाडच पाचर म्हणून ठोकण्याची सवय फार पसरलेली आहे, पण कुऱ्हाडीत दांडा बसवण्याच्या भोकाच्या भिंती पातळ असल्यामुळे त्या फाकतात, दांडा ढिला होतो, आणि पुढच्या घावाला पाते निसटून कोणाच्याही अंगावर जाऊ शकते. दांड्यासाठी धामण, तिवस किंवा धावडा यांचे लाकूड घ्यावे. धामण लवचीक असल्याने घावाचा हिसका हाताला कमी लागतो, तर धावडा अधिक कणखर असतो. दांडा निवडताना त्याच्या रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड गेल्या आहेत हे पाहावे, कारण मध्येच बाहेर निसटणाऱ्या रेषेवर तो मोडतो. लोहाराकडून पाचर घडवून घेताना तिच्या टोकालाच पाणी द्यावयास सांगावे आणि माथा मऊ ठेवावा. मऊ माथा घणाखाली चेपतो व त्याची कड बाहेर वळते, पण कडक माथ्याच्या कपच्या उडतात. बाहेर वळलेली कड वेळोवेळी घासून काढली नाही तर तिचेही तुकडे तुटून वेगाने उडतात आणि डोळा जाऊ शकतो, म्हणून पाचर ठोकणाऱ्याने डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय घण उचलू नये.