विश्लेषण : आक्रमक रुग्णाला शांत करणे परिचारिकांना शिकवता येते का?

मुंबई-आग्रा महामार्गावरच्या अपघातात पाय मोडलेला माणूस नाशिकच्या एखाद्या रुग्णालयात दाखल होतो. दोन दिवस नीट बोलतो, जेवतो. तिसऱ्या रात्री मात्र तो सलाईन उपटतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणून ओरडतो आणि अडवायला आलेल्या सिस्टरवर हात उगारतो. अस्थिरोग वॉर्डात रात्रपाळी केलेल्या कुणालाही हे चित्र नवे नाही. वॉर्डात त्याला ‘माजोरी’ म्हणतात. प्रत्यक्षात रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली, की साधारण दोन ते चार दिवसांत मेंदूची अशी अवस्था होऊ शकते. वेळेत औषध मिळाले नाही तर ती जिवावर बेतते.

राग की आजार?

प्रशिक्षणाची सुरुवात या प्रश्नापासून होते. रक्तातील साखर किंवा ऑक्सिजन कमी होणे, डोक्याला मार, तीव्र ताप, म्हाताऱ्या रुग्णाची तुंबलेली लघवी यांपैकी काहीही माणसाला भ्रमिष्ट आणि आक्रमक करू शकते. द्राक्षपट्ट्यातील डॉक्टर-परिचारिकांना आणखी एक कारण ठाऊक असते. काही कीटकनाशकांच्या विषबाधेत अॅट्रोपिन द्यावे लागते. त्याची मात्रा जास्त झाली की तोंड कोरडे पडते, अंग तापते, रुग्ण चादर ओरबाडू लागतो आणि कुणाला ओळखत नाही. अशा वेळी उपाय म्हणजे मात्रा तपासणे. म्हणून ‘सिक्युरिटीला बोलवा’ म्हणतानाच ग्लुकोमीटर आणि पल्स ऑक्सिमीटरही मागवायला हवेत.

नेमके काय शिकवतात?

अमेरिकेतील आपत्कालीन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यातील बऱ्याच गोष्टी साध्या आहेत. रुग्णापासून किमान दोन हातांचे अंतर ठेवायचे. दाराची वाट परिचारिकेलाही मोकळी हवी आणि रुग्णालाही. कोंडलेला माणूसच आधी झडप घालतो. बोलायचे एकानेच. आपल्याकडे इथेच घोळ होतो. सिस्टर, मावशी, मामा, दोन नातेवाईक आणि शेजारच्या खाटेवरचे आजोबा असे सगळे एकदम समजावू लागतात.

वाक्ये छोटी ठेवायची, उत्तरासाठी थांबायचे, गरज पडली तर तेच पुन्हा सांगायचे. ‘शांत बसा, ओरडू नका’ हा भडकलेल्या माणसाला हुकूम वाटतो. त्यापेक्षा ‘दादा, दुखतंय ते दिसतंय मला. सुई बाजूला ठेवते. पाणी देऊ का?’ हे चालते. ‘इंजेक्शन उजव्या हातात देऊ की डाव्या?’ असे विचारले, की त्याच्या हाती थोडा तरी निर्णय राहतो. बागलाण-मालेगावकडच्या रुग्णाशी कुणी अहिराणीत बोलले तर काम आणखी सोपे होते, हे मात्र कुठल्या परदेशी पुस्तकात सापडणार नाही.

हत्यार होऊ शकेल अशी वस्तू आधी हलवायची. १० मे २०२३ रोजी केरळमधील कोट्टारक्करा तालुका रुग्णालयात पोलिसांनी एका माणसाला मलमपट्टीसाठी आणले होते. त्याने तिथलीच कात्री उचलली आणि डॉ. वंदना दास या तरुण डॉक्टरचा जीव घेतला. हातात शस्त्र आले की बोलणे संपते. तिथून बाहेर पडणे हाही प्रशिक्षणाचाच भाग आहे.

बांधून ठेवले तर?

राज्यातील चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. नाशिकमध्ये एकही नाही. त्यामुळे मनोरुग्णाची पहिली रात्र अनेकदा इथल्या सामान्य रुग्णालयातच जाते. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार मानसिक आरोग्य केंद्रात रुग्णाला एकट्याला कोंडता येत नाही. तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि नोंद करून त्याला बांधता येते. शिक्षा म्हणून नाही. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणानेही नाही, असे कायदा स्पष्ट म्हणतो.

हल्ल्याविरुद्ध कायदा आहेच ना?

आहे. महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्याने आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला अजामीनपात्र ठरवला. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड आहे. मे २०२१ मध्ये नाशिकरोडच्या बिटको रुग्णालयाच्या दारात एकाने मोटार घुसवली, तसल्या प्रकारांना हे कायदे हवेतच. पण साखर ४० वर आलेल्या रुग्णाला कलमाची भीती कशी वाटणार?

प्रशिक्षणाने हल्ले कमी होतात?

इथे सावध राहायला हवे. २०२० च्या कॉक्रेन आढाव्यानुसार अशा प्रशिक्षणाने ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारू शकतो. हल्ल्यांची संख्या घटल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. याउलट इंग्लंडमध्ये ‘सेफवॉर्ड्स’ प्रयोगात ३१ मनोरुग्ण वॉर्डांपैकी काहींची वागण्याची पद्धतच बदलून पाहिली. वाईट बातमी मिळालेल्या रुग्णाशी तो भडकण्याआधीच जाऊन बोलायचे, नकार सौम्य शब्दांत द्यायचा, असे त्यात होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत संघर्षाचे प्रसंग १५ टक्के, तर बांधणे-कोंडणे यांसारखे उपाय सुमारे २६ टक्के कमी झाले.

एका सिस्टरला एक दिवसाच्या कार्यशाळेला पाठवून प्रमाणपत्र दिले, एवढ्याने भागत नाही, असा याचा अर्थ. बीएस्सी नर्सिंगमध्ये हा विषय तिसऱ्या वर्षी मानसिक आरोग्य परिचर्येत येतो, मारहाण मात्र अपघात विभागात आणि अस्थिरोग वॉर्डात होते. रुग्णाला प्रत्यक्ष धरतात ते मामा आणि सुरक्षारक्षक. तेही वर्गात बसायला हवेत. २०२७ मध्ये सिंहस्थाची गर्दी येण्याआधी हे झाले तर बरे.

नातेवाईक काय करू शकतात?

‘पेशंट पितो का?’ या प्रश्नाला संकोचापोटी ‘कधीतरी’ असे उत्तर दिले जाते. कधी विम्याचीही धास्ती असते. रोज किती आणि शेवटची कधी घेतली, हे दाखल करतानाच सांगितले, तर डॉक्टर पहिल्याच दिवशी औषध सुरू करू शकतात. मग तिसऱ्या रात्री सिस्टरला धावत यावे लागण्याची शक्यता बरीच कमी होते.