खाऱ्या वाऱ्यातलं पोलाद

नवी मुंबईतल्या उलव्यात आमच्या बाल्कनीचं रेलिंग बसवून दोन पावसाळे झाले आणि वेल्डिंगशेजारी तपकिरी रेघ उमटली. वरवर पाहता पाइप बाकी लख्ख होता. जिथे पाइपाला पाइप जोडलाय, त्या जागेपासून दोन-चार मिलिमीटरवर मात्र चहाचा ओघळ सुकावा तसा डाग. रेलिंग ‘एसएस’चं, म्हणजे स्टेनलेस स्टीलचं. बसवताना फॅब्रिकेशनवाल्याने खिशातून चुंबक काढून लावून दाखवलं होतं. “चिकटत नाही बघा ताई, तीनशेचारच आहे.” चुंबक खरंच चिकटलं नव्हतं. तरी गंज आला.

या रेघेचं कारण समजून घ्यायचं तर लोखंडाच्या आत डोकवावं लागतं.

निव्वळ लोखंड मऊ असतं. कोणत्याही धातूचे अणू फळवाल्याने रचलेल्या संत्र्यांसारखे थरावर थर बसलेले असतात, आणि धातू वाकतो तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकतात. पण अख्खा थर एका दमात सरकत नाही. मोठी सतरंजी ओढायला जड जाते. एका टोकाला सुरकुती पाडून ती पुढे ढकलत नेली की सतरंजी सहज सरकते. धातूतही अशीच सुरकुती थरातून धावत जाते. तिच्या वाटेत वेगळ्या आकाराचा परका अणू आला की ती अडखळते, आणि धातू कणखर होतो. मिश्रधातू, शाळेच्या पुस्तकातलं ‘संमिश्र’, हा असा वाट अडवण्याचा उद्योग आहे. क्रोमियम, निकेल, मॅंगनीज यांचे अणू जवळजवळ लोखंडाच्या अणूएवढे, म्हणून ते त्याच्या जागेवर जाऊन बसतात. कार्बन लहान, तो संत्र्यांमधल्या फटीत आवळा घुसवावा तसा शिरतो.

या आवळ्याची गोष्ट मला सगळ्यांत विलक्षण वाटते. ९१२ अंश सेल्सिअसच्या वर, लाल तापलेलं लोखंड अगदी संत्र्यांच्या ढिगासारखं रचलेलं असतं आणि त्याच्या फटींत कार्बन मावतो. थंड होताना लोखंड आपली मांडणी बदलतं. नव्या मांडणीतली एकेक फट इतकी अरुंद की कार्बनला जवळजवळ थाराच राहत नाही. सावकाश थंड होऊ दिलं तर कार्बन बाहेर पडून लोखंडाशी संयोग करतो आणि त्या कडक संयुगाचा एक पापुद्रा, मऊ लोखंडाचा एक, असे आलटून पालटून थर तयार होतात. पॉलिश करून, आम्लाने धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्यात शिंपल्याच्या आतल्या बाजूची मोतिया झळाळी दिसते, म्हणून या रचनेचं नाव पर्लाइट. उलट, लाल लोखंडावर एकदम पाणी मारलं तर कार्बनला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतच चेंगरून राहतो, मांडणी ताणली जाते, आणि हाती येतं ते अतिशय कडक पण ठिसूळ पोलाद. त्याला मार्टेन्साइट म्हणतात.

उलव्यात कुठल्याही सेक्टरमध्ये फिरा, बांधकामावर टीएमटी सळयांच्या मोळ्या पडलेल्या असतात. त्या सळईत या दोन्ही रचना एकत्र आहेत. रोलिंगमधून लाल सळई बाहेर पडते तेव्हा तिच्यावर पाण्याचे जोरदार फवारे मारतात. साल क्षणात कडक होते, गाभा तापलेलाच राहतो. मग गाभ्याची उष्णता बाहेर येते, साल आतून शेकली जाते आणि तिचा ठिसूळपणा जातो. सळई कापून तिचं तोंड गुळगुळीत करून आम्ल लावलं तर हे कडं नुसत्या डोळ्यांनी दिसतं. फिटर सळई वाकवतो आणि ती तडकत नाही, ते मऊ गाभ्यामुळे. त्यासाठी कार्बन फार चालत नाही. सळईच्या दर्जाप्रमाणे जास्तीत जास्त ०.२५ ते ०.३० टक्के.

तिथून खारकोपर स्टेशनवर या. २०१८च्या नोव्हेंबरात इथवर लोकल आली, १२ जानेवारी २०२४ला ती पुढे उरणला गेली. रुळाच्या पोलादात कार्बन साधारण ०.६ ते ०.८ टक्के. फरक अर्ध्या टक्क्याचा, पण तेवढ्याने जवळजवळ अख्खा रूळ त्या शिंपल्याच्या थरांचा बनतो आणि चाकांखाली वर्षानुवर्षं झिजायला नकार देतो. रूळ एकमेकांना छेदतात त्या क्रॉसिंगवर मात्र तेही पुरत नाही, कारण तिथे प्रत्येक चाक आपटतं. अशा जागी भारतीय रेल्वे १२ ते १४ टक्के मॅंगनीज असलेलं ओतीव पोलाद वापरते. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या रॉबर्ट हॅडफिल्डने ते १८८२मध्ये शोधलं. मॅंगनीज इतकं असलं की लोखंड थंड झाल्यावरही आपली तापलेली, संत्र्यांची मांडणी सोडत नाही. हे पोलाद जितकं बडवावं तितकं वरून कडक होत जातं. चाकांचा मार हीच त्याची घडण. आणि याला चुंबक चिकटत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, रेलिंगपाशी लागणार आहे.

रेल्वे उरणला गेली त्याच दिवशी अटल सेतूचंही उद्घाटन झालं. २१.८ किलोमीटर लांब, त्यातला १६.५ किलोमीटर समुद्रावर. पुलाचा बराचसा भाग काँक्रीटचा आहे, पण जिथे खांब दूर दूर ठेवावे लागले तिथे पोलादी गाळे आहेत, सर्वांत लांब १८० मीटरचा. रस्त्याखालच्या पोलादी पत्र्याला खालून पोलादाच्याच पन्हळ्या वेल्ड केलेल्या. इथे कार्बन हा शत्रू. वेल्डिंगचा रस आजूबाजूच्या थंड धातूमुळे भरभर निवतो, आणि कार्बन जास्त असेल तर जोडाशेजारी नेमकं ते ठिसूळ मार्टेन्साइट तयार होतं. हजारो गाड्यांच्या हादऱ्यांखाली चीर पडते ती तिथूनच. म्हणून वेल्ड करायच्या अशा पोलादात कार्बन कमी ठेवतात आणि ताकदीसाठी निओबियम, व्हॅनेडियम असे धातू टक्क्याच्या काही शतांशांनी घालतात. पोलाद असंख्य बारीक स्फटिककणांचं बनलेलं असतं. हे धातू त्या कणांना मोठं होऊ देत नाहीत. कण बारीक तितक्या त्यांच्यामधल्या हद्दी जास्त, आणि धावणारी सुरकुती प्रत्येक हद्दीवर थबकते.

२५ डिसेंबर २०२५पासून आमच्या डोक्यावरून विमानंही जाऊ लागली. त्यांचं अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं, आणि त्याची गोष्ट जर्मनीत सुरू होते. तिथे आल्फ्रेड विल्म ॲल्युमिनियमवर प्रयोग करत होता. १९०६मध्ये त्याला आढळलं, की सुमारे ४ टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलेलं ॲल्युमिनियम तापवून पाण्यात बुडवलं की मऊ असतं, आणि नुसतं ठेवून दिलं की दोन-चार दिवसांत आपोआप कणखर होतं. तांब्याचे अणू आत हळूहळू एकत्र येऊन पुंजके करतात, सुरकुतीची वाट अडते. पण जे तांबं बळ देतं तेच ॲल्युमिनियमला खाऱ्या हवेपुढे कमजोर करतं. म्हणून अशा पत्र्याला दोन्ही बाजूंनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवतात. ताकद आतल्या मिश्रधातूची, राखण बाहेरच्या मऊ धातूची.

आता रेलिंग. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असतं, ‘३०४’ या दर्जात सुमारे १८. हे क्रोमियम हवेतला ऑक्सिजन घेऊन पृष्ठभागावर ऑक्साइडचा पापुद्रा धरतं. जाडी दोन-तीन नॅनोमीटर, केसाच्या वीस-पंचवीस हजाराव्या भागाइतकी. ओरखडा पडला तर तो पुन्हा धरतो. पण वेल्डिंगच्या वेळी जोडाच्या शेजारची पट्टी ४५० ते ८५० अंशांमध्ये रेंगाळली, तर तिथला कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या हद्दींवर जाऊन बसतो. हद्दींलगत क्रोमियम उरत नाही, पापुद्रा धरत नाही, आणि गंजाला शिरायला जागा मिळते. माझी तपकिरी रेघ बरोबर त्या पट्टीत होती. यावर उपाय म्हणून कार्बन ०.०३ टक्क्यांवर आणलेलं ‘३०४ एल’ मिळतं.

आणि चुंबक? ३०४मधलं आठेक टक्के निकेल लोखंडाला संत्र्यांची मांडणी सोडू देत नाही, आणि त्या मांडणीतल्या अशा पोलादाला चुंबक ओढत नाही. पण तेच काम हॅडफिल्डच्या पोलादात मॅंगनीज करतं. निकेल महाग, म्हणून ते कमी करून मॅंगनीज वाढवलेलं २०२सारखं स्टील बाजारात भरपूर आहे. त्यालाही चुंबक चिकटत नाही. चुंबकाला कळते ती अणूंची मांडणी; क्रोमियम किती, निकेल किती, याचा त्याला पत्ता नसतो. फॅब्रिकेशनवाला खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. त्यालाही कुणीतरी हीच परीक्षा शिकवली होती. ही भाबडी परीक्षा सोडून बिलावर दर्जा लिहून मागावा आणि पोलाद कारखान्याचं प्रमाणपत्र पाहावं, हे मी आता शेजाऱ्यांना आवर्जून सांगते.

खाडीकाठी तर अस्सल ३०४ही कमी पडतं. वाऱ्यातून येणाऱ्या मिठातला क्लोराइड तो पापुद्रा जागोजागी टोचतो आणि सुईच्या अग्राएवढे खड्डे पाडतो. त्याला रोखायला दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम घातलेलं ३१६ लागतं. महाग आहे, पण समुद्राकडे तोंड असलेल्या बाल्कनीला ते लावावं असं माझं स्पष्ट मत आहे.

रेलिंग बदलण्याआधी मी ते एकदा नीट हात फिरवून पाहिलं. पाइपाच्या वरच्या अंगावर मोजके डाग होते. सगळ्यांत दाट डाग होते खालच्या अंगावर आणि आतल्या, छताआडच्या कोपऱ्यात, जिथे पावसाचा थेंब कधी पोचत नाही. वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालचं साचत राहतं. नवं रेलिंग लागल्यापासून दर रविवारी ओलं फडकं घेऊन गोड्या पाण्याने मी पाइपाची खालची बाजू पुसते.