निकाल ठरलेला, पण मार खरा!

'डॉक्टर, टीव्हीवरची ती कुस्ती खरी की खोटी?' घरोघरी केबल आल्यापासून हा प्रश्न आम्हाला विचारला जातो. नव्वदच्या दशकात मुले पत्त्यांवरून डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कुस्तीगिरांची उंची-वजने पाठ करीत आणि अंडरटेकर सात वेळा मरून जिवंत झाला, असे शपथेवर सांगत. २००२ मध्ये त्या संस्थेचे नाव डब्ल्यूडब्ल्यूई झाले, पत्ते रद्दीत गेले, प्रश्न मात्र तोच राहिला.

उत्तर सोपे आहे. झुंजीचा निकाल आधीच ठरलेला असतो. कोण जिंकणार आणि शेवट कसा होणार, हे दोघांनाही ठाऊक असते. त्यांचे वैर नाटकातले असते. पण ज्या जमिनीवर ते आपटतात, ती नाटकातली नसते.

हे रिंगण म्हणजे लोखंडी तुळयांवर लाकडी फळ्या, त्यावर फोमचा थर आणि वर ताणून बसवलेले कापड. त्याला थोडी लवचिकता असते, एवढेच. म्हणून या मल्लांना पहिला धडा मिळतो तो पडण्याचा. हनुवटी छातीला टेकवायची, म्हणजे डोके मागे आपटत नाही. पाठ सपाट टेकवायची आणि त्याच क्षणी दोन्ही हात जमिनीवर मारायचे, म्हणजे आघात एका जागी न बसता अंगभर विभागला जातो. आघात विभागला जातो, नाहीसा होत नाही. अशा आपटण्या एका झुंजीत कितीतरी होतात. १९८० आणि ९० च्या दशकांत नामांकित मल्ल वर्षाला दोनशेहून अधिक रात्री झुंजत. या धंद्याला इतर खेळांसारखा विश्रांतीचा हंगाम नाही. मणके, गुडघे आणि खुबे यांचा हिशेब पुढे चुकता करावा लागतो.

आठवण हरवलेली रात्र

२८ जून १९९८ रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे मिक फोली नावाच्या मल्लाला अंडरटेकरने सुमारे सोळा फूट उंच जाळीच्या पिंजऱ्यावरून खाली फेकले. फोली टेबलावर कोसळला. स्ट्रेचरवरून नेत असताना तो उठला आणि पुन्हा वर चढला. या वेळी पिंजऱ्याचे छतच सुटले व तो थेट रिंगणात आदळला. त्याचा खांदा निखळला आणि एक दात तुटून नाकपुडीत जाऊन बसला. तरीही झुंज पुढे चाललीच.

डॉक्टर म्हणून मला महत्त्वाची वाटते ती झुंजीनंतरची गोष्ट. पडद्यामागे आल्यावर फोलीने अंडरटेकरला विचारले की, आजच्या झुंजीत आपण ड्रॉइंग पिना वापरल्या का? त्या पिना तेव्हा त्याच्याच दंडात रुतलेल्या होत्या! त्या झुंजीतला बराचसा भाग त्याला आठवतच नव्हता.

यालाच 'कन्कशन', म्हणजे मेंदूला बसलेला हादरा म्हणतात. मोरावळ्याची बरणी हातात धरून जोरात हिसका द्या. आवळा आतून काचेवर आदळतो. बरणीला तडाही जात नाही, पण आवळा चेपतो. कवटीतल्या पाण्यात तरंगणाऱ्या मेंदूचे असेच होते. बाहेर रक्त नाही, टेंगूळ नाही, सीटी स्कॅनही पुष्कळदा निर्दोष येतो. माणूस चालतो, बोलतो आणि आठवण मात्र पुसली जाते.

खुद्द अंडरटेकरवरही ही वेळ आली. २०१४ च्या रेसलमेनियात ब्रॉक लेस्नरबरोबरच्या झुंजीनंतर त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्या दिवसाचा दुपारनंतरचा भाग आपल्याला आठवत नाही, असे त्याने पुढे सांगितले.

कॅनडाच्या ब्रेट हार्टला डिसेंबर १९९९ मध्ये डोक्यावर लाथ बसली. दुखत असतानाही तो आणखी काही आठवडे झुंजत राहिला आणि २००० मध्ये त्याची कारकीर्दच संपली. पहिला हादरा ओसरण्याआधी बसलेला दुसरा मार कितीतरी अधिक घातक ठरू शकतो. वर्षानुवर्षे असे मार बसत राहिले तर पुढे स्मरणशक्ती, राग आणि मनाचा तोल यांवर परिणाम होण्याचा धोका असतो. 'सीटीई' नावाचा मेंदूचा हा विकार मृत्यूनंतर मेंदू तपासूनच निश्चित करता येतो. क्रिस बेन्वा या मल्लाच्या मेंदूत तो २००७ मध्ये आढळल्यावर या धंद्याला खडबडून जाग आली.

मुखवट्यामागचा माणूस

वाचकहो, ही माणसे रिंगणाबाहेरही अशीच आडदांड असतील, असा आपला समज असतो. तो बहुधा चुकीचा ठरतो. पिंजऱ्यावरून कोसळणारा फोली नाताळच्या सणात रमणारा आहे. त्याने आपले आत्मचरित्र स्वतःच्या हाताने लिहून काढले आणि मुलांसाठीही पुस्तके लिहिली. अंडरटेकर, म्हणजे मार्क कॅलवे, खाजगीत शांत गृहस्थ. सहकारी मल्ल त्याला वडीलधाऱ्याचा मान देत आणि आपसातली भांडणे त्याच्यापुढे नेत. जॉन सीनाने २०२२ पर्यंत गंभीर आजारी मुलांना भेटून त्यांच्या साडेसहाशे इच्छा पुऱ्या केल्या. आपण प्रतिस्पर्ध्याला कधी गंभीर इजा केली नाही, याचा ब्रेट हार्टला सर्वांत मोठा अभिमान. उचललेल्या माणसाची मान आपल्या हातात असते, हे या मल्लांना पक्के ठाऊक असते. तरीही चूक होते. १९९७ मध्ये एका डावात स्टीव्ह ऑस्टिनचे डोके जमिनीवर आदळले आणि काही क्षण त्याचे हातपाय बधिर झाले. पुढे मानेवर शस्त्रक्रिया झाली आणि २००३ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याला नियमित कुस्ती सोडावी लागली.

मग हे भले लोक एवढे का सोसतात? कारण ज्या पात्रावर त्यांचे पोट चालते, त्या पात्राला दुखून चालत नाही. अंडरटेकर कितीतरी वर्षे चारचौघांत काळ्या कपड्यांत वावरत असे, मुलाखती टाळत असे. लोकांना दिसावा तो न मरणारा माणूस! आजारपणात घरी बसावे, तर आपली जागा दुसरा घेईल ही भीती. म्हणून दुखले की वेदनाशामक गोळी, झोपेसाठी दुसरी गोळी किंवा दारू आणि शरीर पिळदार दिसावे म्हणून स्टिरॉइड, असे चक्र अनेकांच्या मागे लागले. या हेतूने घेतलेल्या स्टिरॉइडमुळे हृदयाची भिंत जाड होते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, यकृतावर ताण येतो आणि पुरुषाची प्रजननक्षमताही कमी होऊ शकते.

एडी गरेरो व्यसनांतून निग्रहाने बाहेर आला होता. तरी नोव्हेंबर २००५ मध्ये हृदयविकाराने तो हॉटेलच्या खोलीत गेला, तेव्हा तो फक्त ३८ वर्षांचा होता. त्यानंतर, २००६ मध्ये, डब्ल्यूडब्ल्यूईने औषधांच्या व हृदयाच्या तपासण्या सुरू केल्या. २०१० पासून डोक्यावर खुर्ची मारणेही बंद झाले. या सुधारणा चांगल्याच, पण अनेकांसाठी त्या उशिरा आल्या.

आपण काय शिकावे?

मुलांना हे कार्यक्रम पाहू नका म्हणून रागावण्यापेक्षा शेजारी बसून वरची हकीकत सांगावी. पलंगावरून उडी मारणे, मान काखेत आवळणे किंवा उलटे उचलून आपटणे हे खेळ घरात मुळीच होऊ देऊ नयेत.

डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, तेच तेच विचारू लागले, तर त्या दिवशी खेळ बंद करून डॉक्टरांना दाखवावे. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, न आवरणारी गुंगी, झटके, डोळ्यांच्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, नाका-कानातून पाणी किंवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास तडक रुग्णालय गाठावे. मानेला मार लागून हातपाय बधिर झाले असतील, तर रुग्णाला उचलून बसवू नये, मान हलवू नये.

तरुणांनी जिममध्ये कोणी 'महिन्यात अंग भरेल' म्हणून इंजेक्शन किंवा पावडर देऊ केली, तर त्यात काय आहे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. आणि मोठ्यांनीही, कंबर दुखते म्हणून महिनोन् महिने दुकानातून गोळ्या आणून खाऊ नयेत. त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात.

अंडरटेकर सात वेळा मेला नाही. पण २०२० मध्ये तो निवृत्त झाला, तेव्हा त्याच्या सांध्यांवर अनेक शस्त्रक्रिया होऊन गेल्या होत्या. न मरणाऱ्या माणसालाही डॉक्टर लागतोच. दुखणे लपवणे त्याच्या पोटाचा धंदा होता. आपल्यावर तशी कोणतीच सक्ती नाही.