बॅटरी म्हातारी की उपाशी?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या घरच्या मोटारसायकलीला उसंत नसते. तोडीची चौकशी, गट ऑफिसची फेरी, टोळीची ने-आण, रात्री-अपरात्री वजनकाट्यावरचा हेलपाटा, हे सारे तिच्याच पाठीवर. तिचे तेल आपण बघतो, चाकातली हवा बघतो. पण तिची वीज कोठून येते नि कोठे जाते, हे कोणी बघत नाही. आम्हीही बघत नव्हतो. ते आम्हाला राजुऱ्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने शिकविले. सभासदांच्या उपयोगी पडेल, म्हणून हा लेखप्रपंच.

चंद्रपूर जिल्ह्यात राजुऱ्याला आमची सोयरीक आहे. बल्लारपूरहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की राजुरा. कापसाचा मुलूख, भोवती कोळशाच्या खाणी, आणि विरूर स्टेशनकडे निघाले की जंगल. याच राजुरा-विरूर भागात अनेकांचे बळी गेल्यावर 'आरटी-१' नावाचा वाघ २०२० च्या ऑक्टोबरात वनखात्याने जेरबंद केला. त्यामुळे दिवस मावळल्यावर त्या रस्त्याला कोणी उगाच थांबत नाही.

आम्हाला मात्र थांबावे लागले. विरूरहून भाच्याच्या गाडीवर परत येत होतो. आधी दिव्याचा उजेड पिवळा पडला, मग हॉर्न घोगरा झाला, आणि जंगलाच्या ऐन मध्यावर इंजिन बंद. बटन दाबले, नुसते टकटक. किका मारून पाय दुखले. मोबाइलच्या उजेडात अर्धा तास उभे होतो. पान हलले तरी छातीत धस्स होई. शेवटी कापूस घेऊन येणाऱ्या एका टेंपोवाल्याने गाडीसह आम्हाला राजुऱ्यात आणून सोडले. त्या देवमाणसाचे उपकार कसे फेडावे?

भाचा म्हणाला, "मामा, बॅटरीच गेली. यंदाची ही दुसरी. उद्या तिसरी टाकू."

सकाळी गाडी मिस्त्रीकडे नेली. त्यांनी ऐकून घेतले आणि हसले. "काहून बदलता जी सारखी सारखी? बॅटरी म्हातारी नाही झाली भाऊ, उपाशी आहे. तिच्या ताटापर्यंत जेवणच नाही पोचत."

वीज येते कोठून?

इंजिन फिरते तसे त्याच्या दांड्यावरचे लोहचुंबकाचे चाक फिरते. त्याच्याजवळ तांब्याच्या तारेची कॉइल असते, तीत वीज तयार होते. यालाच आपण मॅग्नेटो म्हणतो. ही वीज घरच्या विजेसारखी उलटसुलट वाहणारी, म्हणजे ए.सी. असते. बॅटरीला ती चालत नाही. म्हणून मध्ये पंख्यासारख्या पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा असतो, त्याला रेक्टिफायर-रेग्युलेटर म्हणतात. तो विजेला एका दिशेने वळवतो, आणि जास्त झाली तर लगाम घालतो. तेथून वायरने बॅटरीत. विहीर, मोटार, पाइप आणि टाकी, असेच हे आहे. टाकी रिकामी राहते म्हणून दर वर्षी नवी टाकी बांधणाऱ्याला आपण काय म्हणू? पाइप कोठे फुटला ते आधी बघा, असेच ना?

पूर्वीच्या बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर अँपिअरचा काटा असे. काटा उणेकडे कलला की गडी समजे, चार्जिंग होत नाही. आजच्या बहुतेक गाड्यांना तो काटा नाही. आणि गरज तर वाढली आहे. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेतोवर जळतच राहतो. एप्रिल २०२० पासून बी.एस. सहा गाड्या आल्या, त्यांत बहुतेकींना कार्बोरेटर नाही, पेट्रोलचा पंपही विजेवर. जुनी गाडी बॅटरी मेली तरी बहुधा किकवर निघे. ही अशी मध्येच बसते.

चार मापे

मिस्त्रींजवळ एक साधा मल्टिमीटर होता, तेवढ्यावर त्यांनी निदान केले. रात्रभर बॅटरी बाहेरून चार्ज करून घेतली आणि आमच्यासमोर एकेक माप घेतले. मीटर डी.सी. वीस व्होल्टवर ठेवायचा, तांबडी पिन धनाला, काळी ऋणाला.

पहिले माप, इंजिन बंद. गाडी काही तास उभी राहिल्यावर १२ व्होल्टची धडधाकट बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. १२ वर आली तर जवळजवळ रिकामी समजा.

दुसरे माप, बटन दाबताना. आकडा खाली जाणारच, पण साधारण साडेनऊ-दहाच्या खाली कोसळला तर बॅटरी खरेच थकली, किंवा तिची टोके सैल आहेत, किंवा त्यांवर मळ साचला आहे.

तिसरे माप सर्वांत महत्त्वाचे. इंजिन चालू करून अ‍ॅक्सिलरेटर थोडा वाढवायचा. बॅटरीच्या टोकांवर साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट यायला हवेत. तेराच्या वर चढतच नसेल तर बॅटरी उपाशी. पंधराच्या वर गेले तर उलटा रोग, अजीर्ण! रेग्युलेटर बिघडला असण्याची शक्यता. मग बल्ब उडतात, बॅटरीचे पाणी आटते, सडक्या अंड्यासारखा वास येतो.

आमच्या गाडीचे तिसरे माप आले १२.३, आणि तेही हळूहळू घसरत होते.

आता चौथे. मिस्त्रींनी काळी पिन बॅटरीच्या ऋणावर ठेवली आणि तांबडी रेक्टिफायरमधून निघणाऱ्या वायरीवर. तेथे आले १४.४! म्हणजे मॅग्नेटो ठीक, रेक्टिफायरही ठीक. दोहोंच्या मध्ये दोन व्होल्ट गडप. एवढ्या वाटेत पाव व्होल्टापेक्षा जास्त गळती असू नये. वायर चाचपत गेले, तो सीटखालचा एक कपलर हाताला लागला. करपलेला, आतली पिन हिरवट-काळी. पावसाचे पाणी आत शिरले, पिन गंजली, गंजामुळे तापली, तापल्यामुळे आणखी करपली. एवढासा तुकडा दोन बॅटऱ्या गिळून बसला होता. अर्धपोटी बॅटरीच्या शिशाच्या पत्र्यांवर पांढरा थर धरतो आणि नवीकोरी बॅटरीही काही महिन्यांत म्हातारी होते.

करपलेले कापून नव्या पिना बसविल्या. बॅटरीवर आकडा आला १४.२. दोन बॅटऱ्यांच्या पैशांपुढे मजुरी किरकोळ. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा प्रकार वर्षभर चालला होता.

आणखी काही खुणा

वायरीत दोष नसेल, तर रेक्टिफायरचा कपलर सोडवून मॅग्नेटोकडून येणाऱ्या वायरींचे माप ए.सी.वर घ्यावे. पुष्कळ गाड्यांत तीन पिवळ्या वायरी असतात. कोणत्याही दोहोंमध्ये सारखाच आकडा यावा व इंजिनच्या वेगाबरोबर वाढावा. एक जोडी मागे पडली तर कॉइल जळालेली. तिन्ही सारख्या आणि पुढे वायरही ठीक, तरी चार्जिंग नाही, तर संशय रेक्टिफायरवर.

गाडी दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, पण तिसरे माप ठीक येते, अशा वेळी किल्ली बंद असतानाही कोणी तरी वीज खात असते. बाहेरून जोडलेला मोबाइल चार्जर किंवा दिवा आधी काढून बघा. उसाच्या कडेला गाडी उभी करणाऱ्यांनी उंदराने वायर कुरतडली नाही ना, हेही बघावे. जादा दिवे लावणाऱ्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, बारा व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त. शंभर सीसीच्या गाडीला हे ओझे झेपणारे नाही.

दोन गोष्टी मात्र करू नयेत. इंजिन चालू असता बॅटरीची वायर काढू नये, रेक्टिफायर व इतर महागडे भाग जळू शकतात. आणि बॅटरी सोडविताना आधी ऋण, जोडताना शेवटी ऋण, हा नेम मोडू नये.

सभासद बंधूंनो, विहिरीवरच्या स्टार्टरचा व्होल्टचा काटा पाहिल्याशिवाय आपण मोटार सुरू करत नाही. ब्रिक्स पाहिल्याशिवाय उसाला कोयता लावत नाही. मग बॅटरीच तेवढी न मोजता का बदलावी? चार-पाच जणांनी मिळून एक मीटर घ्यावा. दसऱ्याला गाडी धुऊन पूजा करतो, त्याच दिवशी मापे घ्यावीत आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवावीत. पुढच्या दसऱ्याला आकडा घसरलेला दिसला, तर रस्त्यात अडण्याआधीच दोष सापडेल.

राजुऱ्याहून निघताना मिस्त्रींचे पैसे दिले, तेव्हा ते म्हणाले, "आता दुकानात जाल तर आधी आकडा विचारा जी. आकडा नाही सांगत त्याच्याकडून बॅटरी नका घेऊ." हाच निरोप आम्ही आपणापर्यंत पोचवीत आहोत.