कटकन् आवाज झाला म्हणजे मणका बसला?

डिसेंबर लागला की परळच्या चाळींत आणि त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांत एक तक्रार हमखास कानावर येते: ‘थंडीनं पाठ धरलीय.’ पाठोपाठ सल्ले येतात. कुणी निर्गुडीचा शेक सांगतं. कुणाला पायाळू माणसाची लाथ आठवते, कुणाकडे हाडवैद्याचा पत्ता तयार असतो. अलीकडे त्यात मोबाईलवरच्या रीलची भर पडली आहे. रुग्णाच्या हनुवटीखाली पट्टा अडकवतात, मान जोरात ओढतात, माईकमधून ‘कटाक्’ असा आवाज येतो आणि रुग्ण हसत उठून बसतो. खाली लिहिलेलं असतं, कायरोप्रॅक्टिक.

केईएम, टाटा, वाडिया ही रुग्णालयं आणि हाफकिन संस्था ज्या परळमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तिथेही या पद्धतीबद्दल आणि थंडीतल्या पाठदुखीबद्दल दोन टोकांचे समज आहेत. काहींना ती जादू वाटते, काहींना निव्वळ थोतांड. एकेक समज तपासून पाहू.

गैरसमज: मुंबईची थंडी हाडांत शिरते, म्हणून पाठ दुखते.

वस्तुस्थिती: सांताक्रूझच्या वेधशाळेतली नीचांकी नोंद २२ जानेवारी १९६२ची, ७.४ अंश सेल्सिअस. तो अपवाद. एरवी जानेवारीतल्या पहाटे पारा पंधरा-सोळाच्या आसपास असतो आणि दुपारी पुन्हा तिशीला टेकतो. एवढ्या गारव्याने मणक्याला काही होत नाही.

हवामान आणि दुखणं यांचा संबंध बऱ्याच जणांनी तपासला आहे. २०१४ मध्ये सिडनीच्या संशोधकांनी जवळपास एक हजार रुग्णांची पाठदुखी सुरू झाल्याची वेळ हवामानाच्या नोंदींशी ताडून पाहिली. तापमान, दमटपणा, पाऊस यांपैकी कशाशीही ती जुळली नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये अडीच हजारांहून अधिक लोकांच्या रोजच्या नोंदींतून सांधेदुखीसारख्या जुनाट दुखण्याचा दमट हवा, वारा आणि हवेचा कमी दाब यांच्याशी संबंध दिसला, पण अगदी थोडा. संधिवाताच्या माणसाला गारव्यात जास्त आखडल्यासारखं वाटतं, ते खोटं नाही. पण थंडी मणका सरकवते, याला आधार नाही.

मग डिसेंबर-जानेवारीतच पाठ का धरते? बदलतात त्या आपल्या सवयी. पहाटेचं फिरणं बंद होतं. अंगाचं मुटकुळं करून झोप लागते. लोअर परळच्या ऑफिसांतला एसी बारा महिने तसाच, त्यात खांदे आक्रसून तासन्‌तास बसणं. चाळीतल्या घरांत आणखी एक कारण असतं. रात्रभर आडवं राहिल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून फुगतात. सकाळी आपली उंची सेंटीमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेल्या गादीवर वाकताना एरवीपेक्षा जास्त ताण येतो. नेमकी तीच वेळ नळाला पाणी येण्याची. अंथरुणातून उठून थेट मोरीत कमरेतून वाकायचं आणि भरलेली बादली झटक्यात उचलायची, की उसण भरलीच. दोष थंडीच्या माथी जातो.

गैरसमज: कायरोप्रॅक्टिक म्हणजे आपल्या हाडवैद्यांचीच जुनी विद्या.

वस्तुस्थिती: हाडवैद्य पिढीजात अनुभवावर मोडलेलं हाड आणि निखळलेला सांधा बसवत आले. कायरोप्रॅक्टिक अमेरिकेतलं, आणि त्याची जन्मतारीखही ठाऊक आहे: १८ सप्टेंबर १८९५. आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्ट गावी डॅनियल डेव्हिड पामर चुंबकीय उपचार करत असे. इमारतीत झाडलोट करणाऱ्या हार्वी लिलार्डचा मणका आपण दाबला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागलं, असा दावा त्याने केला. वास्तविक ऐकण्याची नस कवटीतल्या कवटीत मेंदूला मिळते, पाठीच्या कण्यातून जात नाही. पण पामरने त्यावर अख्खा सिद्धांत उभारला: मणके जागचे हलतात, नसा दबतात आणि माणसाचे जवळपास सगळे आजार त्यातून होतात.

त्याच सुमारास मुंबईत काय चाललं होतं? सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. जानेवारी १८९७ मध्ये वॉल्डेमार हाफकिन यांनी स्वतः बनवलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. तीच आजची हाफकिन संस्था. आजाराचं मूळ जंतूत आहे, हे परळमध्ये सिद्ध होत असताना डेव्हनपोर्टमध्ये ते मणक्यात शोधलं जात होतं. आजचे बरेच कायरोप्रॅक्टर पामरचा तो सिद्धांत मानत नाहीत आणि पाठ, मान, सांधे यांपुरतंच काम करतात. जाहिरातींत मात्र तो अजून डोकावतो.

गैरसमज: ‘कटकन्’ आवाज आला म्हणजे सरकलेलं हाड जागेवर बसलं.

वस्तुस्थिती: सांध्यात वंगणासारखा द्रव असतो आणि त्यात वायू विरघळलेला असतो. सांधा झटक्यात ताणला की आतला दाब एकदम उतरतो, वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण झालं, तेव्हा ही पोकळी होताना दिसली. आवाज पोकळी होताना येतो की ती मिटताना, यावर वाद आहे. पण हाड सरकून बसल्याचा तो आवाज नाही, यावर नाही. बोटं मोडल्याने संधिवात होतो, ही आजीची धमकीही खरी नाही. डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी साठेक वर्षं एकाच हाताची बोटं मोडली. संधिवात दोहोंपैकी कोणत्याच हाताला झाला नाही आणि २००९ मध्ये त्यांना गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं.

आवाजानंतर मोकळं वाटतं ते खरं आहे. आवळलेले स्नायू थोडा वेळ सैलावतात, दुखण्याची जाणीव कमी होते. रोग बरा झाल्याची ती खूण नव्हे.

गैरसमज: हे सगळं थोतांड आहे, कुणालाच उपयोग होत नाही.

वस्तुस्थिती: हेही दुसरं टोकच. अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीवर २०१७ मध्ये २६ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. हाताने मणका हलवण्याच्या उपचाराने सहा आठवड्यांपर्यंत दुखणं माफक प्रमाणात कमी झालेलं दिसलं. जुनाट कंबरदुखीवरच्या ४७ चाचण्यांचा २०१९चा आढावा सांगतो की, व्यायामासारख्या मान्य उपचारांइतकाच याचा गुण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही डिसेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत जुनाट कंबरदुखीच्या पर्यायांत त्याला जागा दिली आहे, व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांच्या सोबतीने.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवायची. बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपोआप उतरतात. त्या काळात पायाळू माणसाने पाय लावला, कुणी तेल चोळलं किंवा कुणी मणका दाबला, तर श्रेय त्यालाच मिळतं. त्यामुळे ‘वर्षभराचं पॅकेज घ्या, नाहीतर मणका पुन्हा सरकेल’ असं कुणी सांगितलं, तर पाकीट खिशातच ठेवा.

गैरसमज: हिवाळ्यात मणके ‘सेट’ करून घेतले की प्रतिकारशक्ती वाढते, सर्दी-खोकला होत नाही.

वस्तुस्थिती: सर्दी विषाणूंमुळे होते. मणका दाबल्याने विषाणूंपासून संरक्षण मिळतं, याला पुरावा नाही. कोविडच्या सुरुवातीला, मार्च २०२०मध्ये, कायरोप्रॅक्टरांच्या जागतिक महासंघानेच आपल्या सदस्यांना असे दावे करू नका म्हणून बजावलं होतं. मुंबईत फ्लूचा मोठा जोर तर पावसाळ्यात असतो. हिवाळ्यातला खोकला बऱ्याचदा हवेचा असतो: वारा मंदावतो, थंड हवेचा थर खाली बसतो आणि धूळ-धूर जमिनीलगत अडकतो. त्यावर उपाय म्हणजे हवा वाईट असेल त्या पहाटे मैदानात धावायला न जाणं, आणि वयस्कर किंवा दमेकरी माणसांनी डॉक्टरांना विचारून फ्लूची लस घेणं.

गैरसमज: एमआरआयमध्ये ‘गॅप’ निघाला, आता पट्टा आणि विश्रांती.

वस्तुस्थिती: गादी झिजणं, फुगणं हे केस पिकण्याइतकं वयाचं लक्षण आहे. पाठ अजिबात दुखत नसलेल्या तीन हजारांवर माणसांची चित्रणं २०१५ मध्ये एकत्र तपासली गेली. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांत गादी झिजलेली होती. म्हणून अहवालातला शब्द आणि तुमचं दुखणं यांची सांगड तपासणाऱ्या डॉक्टरलाच घालू द्या.

कंबरपट्ट्याचा जुनाट दुखण्यात नियमित उपचार म्हणून वापर करू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या त्याच सूचना सांगतात. विश्रांतीचंही तसंच. १९८६ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत दोन दिवस पडून राहायला सांगितलेल्या रुग्णांचे कामाचे दिवस, सात दिवस पडून राहायला सांगितलेल्यांपेक्षा ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. पाठ दुखत असतानाही झेपेल तेवढं चालणं हेच औषध.

गैरसमज: सलूनमध्ये चंपीनंतर मान मोडून घेतली तर काय बिघडतं?

वस्तुस्थिती: बहुतेक वेळा काही बिघडत नाही, आणि त्यानेच लोक गाफील राहतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या दोन रक्तवाहिन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्यात पिळली तर क्वचित रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटतं, गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. प्रशिक्षित हातांकडूनही असं घडल्याच्या नोंदी आहेत. मग खुर्चीत बसवून दोन्ही बाजूंना मान कडकडवणाऱ्या कारागिराला तुमच्या रक्तवाहिन्यांची काय माहिती असणार? चंपी खुशाल करून घ्या, पण मानेवर हात आला की ‘मान नको’ एवढं सांगा. मान मोडल्यावर चक्कर, बोलण्यात अडखळणं, दोन-दोन दिसणं किंवा तोल जाणं यांपैकी काहीही झालं, तर घरी न जाता तडक इस्पितळ गाठा.

गैरसमज: पाठ दुखतेय ना, मग आधी दाबून घेऊ, डॉक्टरकडे नंतर जाऊ.

वस्तुस्थिती: क्रम उलटा हवा, आणि आपल्या भागात तर नक्कीच. परळला लागूनच शिवडीचं क्षयरोग रुग्णालय आहे, आणि क्षयरोग फक्त फुफ्फुसाचा नसतो. हाडांच्या क्षयरोगातले जवळपास निम्मे रुग्ण मणक्याचे असतात. संध्याकाळी कणकण, रात्री वाढणारी पाठदुखी, उतरत चाललेलं वजन अशी लक्षणं असताना पोखरलेल्या मणक्यावर कुणी जोर दिला, तर पाय लुळे पडू शकतात. ठिसूळ हाडांच्या वयस्कर बाईचा मणका किंवा कर्करोग पसरलेला मणका यांचंही तेच.

लघवी-शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, पायातलं बळ कमी होणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं: यांत एक दिवसही थांबू नये. हिवाळ्यात हृदयविकाराचे झटके वाढतात. तेव्हा दोन खांद्यांच्या मधोमध दुखतंय, सोबत घाम आणि छातीत दडपण आहे, तर ती उसण समजून शेकत बसू नका.

उपचार करणारा कोण, हेही विचारा. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांसाठी १९९४चा स्वतंत्र कायदा आहे, अमेरिकेत परवाना लागतो. भारतात त्यांच्यासाठी अशी वेगळी वैधानिक नोंदणी नाही, त्यामुळे चार दिवसांचं शिबिर करून आलेलाही तीच पाटी लावू शकतो. फिजिओथेरपिस्टसाठी मात्र महाराष्ट्रात राज्य परिषद आहे. भारतातलं पहिलं फिजिओथेरपी विद्यालय १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या केईएममध्येच सुरू झालं, आणि १९५५ पासून हाजीअलीला शारीरिक पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाही आहे.

मग हिवाळ्यात करायचं काय?

उठल्यावर पहिला तासभर कमरेतून वाकून ओझं उचलू नका. बादली भरायचीच असेल तर गुडघे वाकवा, अर्धी भरा, दोनदा न्या. आंघोळीआधी हात-पाय हलवून अंग गरम करा. शेक जरूर घ्या, ताज्या उसणीत तो थोडा आराम देतो. पण मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पाण्याच्या पिशवीने भाजतं आणि कळतही नाही. ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासाने उठा. थंडीत तहान लागत नाही म्हणून पाणी तोडू नका. २२ डिसेंबरलाही परळमध्ये दुपारचा सूर्य क्षितिजापासून सत्तेचाळीस अंशांवर असतो, म्हणजे ‘ड’ जीवनसत्त्वापुरतं ऊन हिवाळ्यातही मिळतं. जेवणाच्या सुट्टीत कामगार मैदानाला किंवा नरे पार्कला एक फेरी मारा. ऊन आणि चालणं दोन्ही साधतं.

तरीही दोन-तीन आठवड्यांत दुखणं हटलं नाही, तर आधी निदान करून घ्या. त्यानंतर नोंदणीकृत माणसाकडून मणक्यावर हात फिरवून घ्यायचा असेल तर घ्या. तो किती वेळा, कशासाठी आणि कोणत्या धोक्यासह करणार, हे आधी विचारा. उत्तर देताना जो चिडेल, त्याच्या हाती मान देऊ नका.