नेच्याच्या पानाची मागची बाजू

पावसाळ्यात सह्याद्रीच्या ओल्या दरडी, जुन्या विहिरींचे कठडे आणि झाडांची शेवाळलेली खोडे नेच्यांनी भरून जातात. मात्र या वनस्पतींना फूल, फळ किंवा बी नसल्यामुळे फुलावरून त्यांची ओळख पटवता येत नाही. त्यांचे प्रजनन बीजाणूंद्वारे, म्हणजे धुळीसारख्या बारीक एकपेशीय कणांद्वारे होते. हे कण ज्यांत तयार होतात त्या बीजाणुधानी बहुतेक जातींत पानाच्या मागच्या बाजूला पुंजक्यांनी असतात आणि ओळखीच्या महत्त्वाच्या खुणाही तेथेच असतात. म्हणून वरून टिपलेले छायाचित्र कितीही देखणे असले, तरी अभ्यासकाला खरी माहिती मिळते ती पान अलगद उलटून, अगदी जवळून घेतलेल्या छायाचित्रातून.

हंसराज या नावाने परिचित असलेल्या ॲडिएंटममध्ये पर्णिकेची कडाच मागे दुमडून पुंजक्यांवर पांघरली जाते. टेरिसमध्ये बीजाणुधानींची सलग रेघ कडेने धावते. नेफ्रोलेपिसमध्ये प्रत्येक पुंजक्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचे पातळ आवरण, म्हणजे पुंजत्राण असते. तर झाडांवर वाढणाऱ्या बाशिंग या नेच्याचे गोल पुंजके पूर्णपणे उघडे असतात.

पुंजका साधारणतः एकदोन मिलिमीटरचा असल्याने येथे मॅक्रो छायाचित्रण लागते, ज्यात वस्तूची प्रतिमा कॅमेऱ्याच्या संवेदकावर तिच्या मूळ आकाराइतकी मोठी उमटवता येते. इतक्या जवळून पाहताना सुस्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली फार कमी होते. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर एफ/८ छिद्रमानाला ती जेमतेम १ मिलिमीटर भरते. छिद्र आणखी लहान केले तर खोली वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे, म्हणजे अरुंद छिद्रातून जाताना किरण पसरल्यामुळे, बारकावे पुसट होतात. त्यामुळे संवेदक पानाला समांतर ठेवणे आणि वारा नसताना केंद्रबिंदू किंचित सरकवत घेतलेली अनेक चित्रे संगणकावर एकत्र जोडणे, हे दोन उपाय केले जातात. तिरप्या प्रकाशात पुंजक्यांचा उठाव दिसतो, तर पानामागून येणाऱ्या प्रकाशात शिरा मोकळ्या आहेत की जाळीदार, हे स्पष्ट होते.

याहून अधिक विवर्धन मिळाल्यास बीजाणुधानीवरील वलय दिसते. ही जाड भिंतींच्या, सामान्यतः १२-१३ पेशींची रांग असते. हवा कोरडी होऊन या पेशींतील पाणी उडू लागले की वलय मागे ताणले जाते आणि बीजाणुधानी फाटून उघडते; ताण असह्य झाल्यावर पेशींतील पाण्यात बुडबुडे निर्माण होतात आणि वलय गोफणीसारखे झटक्यात परतून बीजाणू सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने फेकते. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अतिवेगवान चित्रणाच्या आधारे ही क्रिया उलगडण्यात आली. बहुतेक नेच्यांच्या एका बीजाणुधानीत ६४ बीजाणू असतात.

जवळून घेतलेल्या छायाचित्राचे आणखी एक मोल संवर्धनाचे आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये नेचे जमवण्याचे वेड इतके पसरले, की किलार्नी नेच्यासारख्या दुर्मीळ जाती अनेक ठिकाणांहून उपटून नेल्या गेल्या. रोप जागेवर ठेवून त्याच्या अधिवासाचे, देठाच्या तळावरील खवल्यांचे आणि पानाच्या दोन्ही बाजूंचे चित्र, मोजपट्टी व तारखेसह घेतले, तर पुष्कळ नेच्यांची निदान प्रजाती निश्चित करता येते. काही जाती वेगळ्या करण्यासाठी बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात आणि तेथे नमुन्याला पर्याय नसतो. परंतु ही गरज नेमकी कोठे आहे हे छायाचित्रामुळे आधीच कळते आणि एरवी प्रत्येक नोंदीसाठी रोप उपटण्याचे कारण उरत नाही.